पटाच्या माइकवर ज्योत्स्ना

छत्तीस वर्षं मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवली. त्या छत्तीस वर्षांत शेकडो पोरींकडून एकच धडा घोकून घेतला: मुलगा जातो, मुलगी जाते. कारण आमच्या वर्ध्याकडे बाईमाणूससुद्धा सर्रास 'मी जातो, मी येतो, मी करतो' म्हणते. पुण्याकडचे पाहुणे तोंडाला रुमाल लावून हसतात, आणि माझ्या अंगाचा तिळपापड होतो. असं असताना माझ्याच घरात, माझ्याच सुनेनं, पाच हजार लोकांसमोर, सहा भोंग्यांवरून... जाऊ द्या. क्रमानंच सांगते. नाहीतर मला इतकं भरून येतं की अर्धं सांगायचं राहून जातं.

तर, मी सुलोचनाबाई. राहायला सिंदी रेल्वे या गावात. मुलगा कैलास कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला, नात सुरभी पाचवीत आणि नातू चंदन, हे सगळं घडलं तेव्हा सव्वा वर्षाचा. आणि माझी सून ज्योत्स्ना. सेलूकडच्या शेतकऱ्याची मुलगी. तिचे वडील तानबा तरुणपणी शंकरपटात जोडी हाकायचे. शंकरपट म्हणजे आमच्याकडची बैलांची शर्यत. जोडी सुटते, घड्याळ सुरू होतं, आणि सेकंदाच्या शंभराव्या भागावर निकाल लागतो. जोडी हाकणारा तो धुरकरी. त्या धुरकऱ्याची ही एकुलती एक लेक. लहानपणी हरभऱ्यातली पाखरं हाकलून हाकलून तिचा गळा असा तयार झाला होता की घरात ती "चहा झालाऽऽ" म्हणाली की शेजारचे प्रभाकरराव कप घेऊन अंगणात हजर! थट्टा नाही करत. दोनदा आले होते.

लग्न होऊन आली त्याच दिवशी मी तिला म्हणाले, "हळू बोल गं. हे काय शेत आहे?"

"बरं आई, मी हळू बोलतो."

"बोलतो नाही. बोलते."

दहा वर्षं हेच चाललं. सकाळी उठल्यापासून दोन सूचना ठरलेल्या. हळू बोल, आणि बोलते म्हण. ती हसून मान डोलवायची आणि पाचव्या मिनिटाला पुन्हा अंगणातून सुरभीला हाक मारायची, ती थेट रेल्वे फाटकापर्यंत पोचायची.

मग चंदन झाला आणि ज्योत्स्ना गप्प झाली.

खरं सांगते, लाज गुंडाळून ठेवून सांगते. मला आधी बरंच वाटलं. मला वाटलं, चला, सूनबाई सुधारल्या! घरात शांतता आली, 'हो' नि 'नाही' एवढंच उत्तर, आवाज तर इतका बारीक की दोनदा विचारावं लागे. शेजारणींना मी कौतुकानं सांगत सुटले. आता म्हणा मला काय म्हणायचं ते. मी स्वतःला त्याहून वाईट म्हणून घेतलं आहे.

मग हळूहळू दिसायला लागलं. बाळ रडायचं आणि ही त्याच्याकडे नुसती बघत बसायची. न्हाणीत गेली की तासभर बाहेर नाही. पोळी तव्यावर जळून जायची, ही तिथंच उभी. आणि मी, शिकलेली, बत्तीस पोरांच्या वर्गात कोण आज गप्प आहे ते दारातून ओळखणारी बाई, मी काय म्हणाले असेन? "आम्ही नाही का काढली पोरं? उगीच नाटकं!" हे मी म्हणाले. एकदा नाही, चारदा तरी.

पाचव्या महिन्यात एक दिवस दुपारी चंदन किंचाळत होता म्हणून मी आत गेले. तो तिच्या मांडीवर होता, आणि तिच्या डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागलेल्या. आवाज मात्र शून्य. मला पाहून ती एवढंच बोलली, "आई, मले याच्यावर मायाच येत नाई वो. मी का करू?"

दुसऱ्या दिवशी तिला घेऊन वर्ध्याला गेले. डॉक्टरीण कैलासच्याच वयाची. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं की हा आजार आहे, बाळंतपणानंतर होतो, पुष्कळजणींना होतो, औषधानं आणि बोलण्यानं बरा होतो. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आजी, पाच महिने तुम्ही काय करत होतात?"

औषध सुरू झालं. अंगावर पाजत असताना चालेल असंच दिलं होतं तिनं. रात्रीचं बाळ कैलासनं घ्यायचं असा डॉक्टरणीचा हुकूम होता, त्यानं तो पाळला. चार महिन्यांत ज्योत्स्ना जेवायला लागली, चंदनला मांडीवर घेऊन त्याच्या पोटावर तोंड घासायला लागली. तो खिदळायचा, तीही हसायची. फक्त गळा परतला नव्हता. बोलायची ती कुजबुजल्यासारखीच.

दिवाळीच्या आधीची गोष्ट. गच्चीवर ज्योत्स्ना कपडे वाळत घालत होती, मी खाली अंगणात तांदूळ निवडत बसले होते. आमच्या गल्लीच्या पलीकडे बाबाराव राहतो. त्याची पटाची जोडी आहे, आणि त्या दिवसांत तो ती सरावासाठी छकड्याला जुंपून रस्त्यावरून फिरवायचा. त्याच वेळी फाटकावर मालगाडीनं भोंगा दिला. बैल बुजले. बाबारावच्या हातून कासरा सुटला, आणि ती जोडी रिकामा छकडा घेऊन जी उधळली ती सरळ आमच्या रस्त्यानं! आणि समोरून आमची सुरभी सायकलवर, दप्तर पाठीवर, मान खाली.

मी उठेपर्यंत तांदूळ सगळे मातीत. तोंडातून शब्द फुटेना. आणि तेवढ्यात गच्चीवरून आवाज आला!

"सुरभेऽऽऽ! सायकल फेक! नालीकडं उडी घे!"

पोरीनं वर पाहिलंही नाही. सायकल सोडली आणि उडी मारली. लगेच दुसरी हाक, ती बैलांना, वेगळ्याच सुरात, लांबलचक: "होऽऽ होऽऽ होऽऽ राज्याऽ, होऽऽ!" काय सांगू तुम्हाला! ते दोन धिप्पाड बैल, कान मागे केले, पावलं आखडली आणि आमच्या फाटकापासून हातभर अंतरावर येऊन फुरफुरत उभे राहिले.

मी जिना चढून वर गेले ती धापा टाकत. ज्योत्स्ना कठड्याला धरून उभी, एक हात स्वतःच्या गळ्यावर. चोर सापडल्यासारखी माझ्याकडे बघत होती. दहा वर्षांच्या सवयीनं माझ्या ओठांवर 'हळू बोल' आलंच होतं, देवाशपथ आलं होतं. मी ते गिळलं.

"पुन्हा ओरड," मी म्हणाले.

"काऊन?"

"मला ऐकायचंय."

ती आधी हसली. मग रडली. मग पुन्हा हसली, आणि खाली बघून ओरडली, "सुरभे, लागलं का वंऽ?" खालून सुरभीचा आवाज आला की लागलं नाही, पण दप्तर नालीत पडलं. आम्ही दोघी गच्चीवर बसून इतक्या हसलो की प्रभाकरराव बाहेर आले.

संध्याकाळी बाबाराव माफी मागायला आला. पन्नाशीला आलेला माणूस, पंचवीस एकराचा धनी, पटाच्या कमिटीचा अध्यक्ष. पण माझ्यासमोर अजून खुर्चीवर बसत नाही. चौथीत माझ्या हाताखाली होता. माफी मागून झाली, चहा घेऊन झाला, तरी तो हलेना. शेवटी म्हणाला, "बाई, एक इचारू का? आमचा माइकवाला नानाजी. त्याच्या घशाचं ऑपरेशन झालं. जानेवारीत पट हाये. पहिल्या दिवशी बायांचा पट, बायाच जोड्या हाकतात. त्या दिवशी माइक वहिनी घेतीन का? असा गळा मी जिंदगीत नाई ऐकला."

ज्योत्स्नानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "घेईल."

तो गेल्यावर ती माझ्यावर अशी उखडली! "आई, तुमी मले इचारलं तरी का? तुमीच हो म्हनून टाकलं! मले भेव वाटते. तिथं उभी राह्यली आन् गळाच बंद पडला तर? घरात बंद पडला तं कोनाले मालूम नाई झालं. तिथं अख्खं गाव राहीन. पुन्हा तसं झालं ना आई, तर मी कधीच नाई बोलनार. मले माहीत हाये."

ती खरं बोलत होती, हे मला कळत होतं. तिनं त्या माइकवर गप्प व्हायचं नव्हतं. बस्स, एवढीच गोष्ट होती, आणि तिच्या मानानं ती डोंगराएवढी होती. दोन दिवस ती 'नाई' म्हणत राहिली. तिसऱ्या दिवशी भाकऱ्या थापता थापता आपणहोऊन म्हणाली, "बाबांची जोडी मैदानात उतरली की मी बांधावरून ओरडत राहो. माइक नव्हता तरी ओरडो." मी म्हटलं, "मग?" ती म्हणाली, "मग का? जातो."

मी 'जाते' म्हणून दुरुस्त केलं. किती मूर्ख असावं माणसानं!

आणि मूर्खपणा तिथं थांबला नाही. मी तिला निवेदन लिहून दिलं. नऊ पानं, सुवाच्य अक्षरात. 'सन्माननीय प्रेक्षकहो, आता आपणासमोर वृषभांची ही देखणी जोडी वायुवेगाने मार्गक्रमण करीत आहे.' हसू नका. मला ते फार छान वाटलं होतं. रोज दुपारी चंदन झोपला की हातात लाटणं धरून ती ते पाठ करायची, मी शेजारी बसून 'मले' आलं की 'मला' आणि 'करतो' आलं की 'करते' करायची.

पटाचा दिवस उजाडला. आमच्यापासून चार किलोमीटरवरच्या शिवारात मैदान, दोन्ही बाजूंनी माणसंच माणसं, ट्रॅक्टरवर माणसं, झाडांवर माणसं. बाया तर वर्धा, सेलू, हिंगणघाट, कुठून कुठून आलेल्या. चाळीस जोड्या झुली घालून उभ्या. चहाच्या गाड्या, भज्यांचा वास, आणि सहा दिशांना सहा भोंगे. लाकडी मंचावर ज्योत्स्ना, हिरवी साडी, हातात वायर नसलेला माइक. मंचाच्या एका बाजूला पडदा लावलेला, त्याच्यामागे मी, मांडीवर चंदन, शेजारी सुरभी आणि पिशवीत दुधाची बाटली.

पहिली जोडी नालवाडीच्या अपेक्षाची. कॉलेजातली पोर, ओढणी कमरेला कसलेली. झेंडी पडली, बैल सुटले, आणि भोंग्यातून आमच्या ज्योत्स्नाचा आवाज आला, "सन्माननीय... प्रेक्षकहो... आता आपणासमोर वृष... वृषभांची..."

तोवर बैल पल्ला ओलांडून गेलेसुद्धा! आठ-नऊ सेकंदांचा खेळ, आणि मी लिहिलेलं एक वाक्य बारा सेकंदांचं! दुसरी जोडी गेली, तिसरी गेली, ही अजून दुसऱ्या पानावर. आवाज बारीक होत चाललेला. लोक ओरडायला लागले, "आवाज! आवाज!" कुणीतरी म्हणालं, "माइक बंद हाये का बे?" ज्योत्स्नानं पडद्याच्या फटीतून माझ्याकडे पाहिलं. तीच नजर. गेल्या वर्षीची. ही नऊ पानं मी लिहिली, मी, मीच!

आणि त्याच घडीला चंदननं भोकाड पसरलं. बाटली तोंडाला लावली, फेकून दिली. बिस्कीट दिलं, थुंकलं. आईचा आवाज कानावर पडत होता आणि आई दिसत नव्हती, मग काय, आकाशपाताळ एक! चौथ्या जोडीला अजून वेळ होता. ज्योत्स्ना पडद्यामागे धावत आली, माझ्या हातातून त्याला उचललं आणि खाली मांडी घालून बसली.

"द्या आई इकडं. मी पाजतो याले. ये माह्या राजा, दोन घोट घे, मंग तुले बैल दाखवतो."

मी पाजतो याले! सहा भोंग्यांवरून!

माइक तिच्या मुठीतच होता हो! चालू! अख्ख्या शिवारात ते वाक्य घुमलं. आणि मग जो हशा उसळला! पाच हजार माणसं हसत होती, ट्रॅक्टरवरचे पोट धरून हसत होते. आणि मला, ऐका हं, मला त्या क्षणी शरम कशाची वाटली माहीत आहे? पाजण्याची नाही. व्याकरणाची! पदरात तोंड लपवून मी पुटपुटले, "पाजते, अगं, पाजते!"

मग मी तिच्याकडे पाहिलं, आणि व्याकरण गेलं खड्ड्यात.

तिचा चेहरा पांढरा पडला होता. ओठ मिटलेले. चंदन चुटूचुटू पीत होता, आणि ती समोरच्या पडद्याकडे नुसती बघत होती. बाहेर हसू थांबेना. मी मनात अंक मोजायला लागले. पाच. सहा. बोल, ज्योत्स्ना. सात. काहीही बोल, कसंही बोल, तुला वाटेल ते बोल, मी पुन्हा जन्मात तुला दुरुस्त करणार नाही. आठ. नऊ. तिनं माइककडे पाहिलं. मला वाटलं, आता बंद करते.

तिनं तो तोंडाजवळ नेला.

"हासा! हासा ना! तुमच्या मायनं तुमाले का चहा पाजून मोठं केलं का बे?"

बाप रे बाप! काय झालं म्हणून सांगू! आधी बायकांची बाजू उठली. टाळ्या, शिट्ट्या. हो, शिट्ट्या! सत्तर वर्षांची एक आजी दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारताना मी फटीतून डोळ्यांनी पाहिली. मग पुरुषांची बाजू. आणि ज्योत्स्ना तशीच, पोर अंगाला, पदर वरून ओढून घेतलेला, पडद्याच्या फटीतून बाहेर बघत बोलत राहिली, "पोरगं पिऊन राह्यलं, दोन मिनटं लागतीन. तोवर चौथ्या जोडीवाल्या बाईनं कासरा तपासून घेजो. आन् ते पांढऱ्या टोपीवाले काकाजी, दोरीच्या मागं सरका. बैलानं उचललं तर मी पोराले सोडून येऊ का तुमच्यासाठी?"

चंदनचं झालं. तिनं त्याला माझ्या मांडीवर ठेवलं, पदर खोचला आणि उठली. माझी नऊ पानं मंचावर पडली होती, वाऱ्यानं उडून बैलांच्या पायाखाली गेली. जाऊ देत. तिकडे कोण बघतंय!

त्यानंतरचं मला सगळं एकदम आठवतं. सेलूची माधवी आली, दोन पोरांची आई, तिचे दोन्ही बैल, तुफान आणि बादल, तिच्या खांद्याएवढे. झेंडी पडली आणि ज्योत्स्ना सुटली, जोडीच्या बरोबरीनं! "आली आली आली, सेलूची माधवी आली! तुफान उजवीकडं ओढून राह्यला, बादल दाबून राह्यला, माधवी, ढिल्ला सोड, ढिल्ला सोड, असं! आता हाणऽऽऽ! अर्धं झालं, पाऊन झालं, गेलीऽऽ! आठ पॉइंट अकरा! आठ पॉइंट अकरा! माधवीबाई, घरी जाऊन नवऱ्याले सांगजो, गाडी मी पन हाकतो म्हना!"

मी मांडीवरच्या चंदनसकट उभी राहिले होते. ओरडत होते. काय ओरडत होते ते मला सुरभीनं नंतर सांगितलं: "हाण माधवे, हाण!" मी, छत्तीस वर्षांची मराठीची बाई!

चाळीस जोड्या झाल्या. दुपारी दोनला चंदन पुन्हा रडला तेव्हा ज्योत्स्नानं सरळ जाहीर करून टाकलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. शेवटच्या फेरीत माधवीनं सात पॉइंट अठ्ठ्याण्णव घेतले, आणि तो आकडा सांगताना ज्योत्स्नाचा आवाज फाटला, पण बसला नाही. मंचावरून खाली उतरली तेव्हा घामानं चिंब, केस विस्कटलेले, आणि डोळे असे लखलखीत की मी ते लग्नातसुद्धा पाहिले नव्हते. माझा हात घट्ट धरून म्हणाली, "आई, बंद नाई पडला वो. गळा बंद नाई पडला!"

तेवढ्यात बाबाराव आला, चेहरा फुललेला. "वहिनी, उद्या मोठा पट. दोनशे जोड्या, बाहेरून मोठमोठे पाहुने येऊन राह्यले. माइक तुमीच घ्या!" ज्योत्स्नानं आनंदानं माझा हात दाबला. मग तो जरा घुटमळला. "फक्त एक करजा. उद्या पोराले घरी ठेवजा. आज बायांचा पट होता, चाललं. उद्या बरं नाई दिसत."

ज्योत्स्नाचा हात माझ्या हातातून सुटला. "मंग मी नाई येत," ती म्हणाली.

मला एकदम धसका बसला. एवढा हाती आलेला माइक जातो की काय! मी घाईघाईनं मध्ये पडले. "अगं, मी ठेवीन ना घरी. एक दिवसाचा प्रश्न आहे. बाटलीनं पाजीन, रडेल थोडा, निजेल. तू जा."

ती माझ्याकडे वळली. रागावली नव्हती. अगदी साधेपणानं विचारलं, "आई, तुमी कैलासले घरी ठेवून शाळेत जात होत्या ना? तवा तुमाले कसं वाटे?"

असा प्रश्न मला अडतीस वर्षांत कुणी विचारला नव्हता. ना नवऱ्यानं, ना सासूनं, ना मी स्वतःला. आणि माझ्या तोंडून उत्तर जे सुटलं ते थांबेचना. कैलास चार महिन्यांचा होता. शाळा पाच किलोमीटर लांब. अकरा वाजले की छाती दगडासारखी व्हायची, बारा वाजता पोलकं ओलं. मुलांना दिसू नये म्हणून मी फळ्याकडे तोंड करून उभी राहायची. आख्खा तास फळ्यावर लिहीत राहायची, काहीही, शुद्धलेखनाचे नियम, एकदा लिहिलेले पुसून पुन्हा. पाठीमागे बत्तीस पोरं उतरवून घ्यायची. मधल्या सुट्टीत मोरीत जाऊन दूध पिळून टाकायचं. मोरीत टाकायचं, आणि घरी पोर उपाशी. हे मी त्या मैदानात, रिकाम्या मंचाजवळ, मोठ्यानं सांगत होते. हळू बोलायचं मला सुचलंच नाही.

बाबाराव पायातल्या चपलांकडे बघत उभा होता. मग बारीक आवाजात म्हणाला, "मी त्याच वर्गात होतो, बाई. आमाले वाटे, बाई आमच्यावर रागावल्या हायेत, म्हनून तोंड दाखवत नाई."

बैल सोडून नेत होते त्यांच्या घुंगरांचा आवाज तेवढा येत होता. मग बाबारावनं डोळे पुसले, खाकरला आणि ज्योत्स्नाला विचारलं, "किती टाइम लागते वहिनी?"

"दहा मिनटं. दोन वेळा."

"लिहून टाकतो," तो म्हणाला.

आणि त्यानं लिहिलं! दुसऱ्या दिवशी मैदानाच्या फाटकावर कार्यक्रम लावला होता: पहिला गट, दहा मिनिटे विश्रांती, दुसरा गट, दहा मिनिटे विश्रांती, अंतिम फेरी. दोनशे जोड्या, काल होते त्याच्या दुप्पट लोक, आणि ज्योत्स्ना पहिल्या जोडीपासून अशी पेटली की पुरुष धुरकरी मंचाखाली येऊन सांगायला लागले, 'वहिनी, आमचं नाव जरा जोरात घ्या.' पहिला गट संपला. तिनं भोंग्यावरून सांगितलं, "दहा मिनटं पट थांबते. बैलाले पानी दाखवा, तुमी चहा घ्या," आणि पडद्यामागे आली. चंदन हात पसरूनच होता.

मी पडद्याच्या बाहेर खुर्ची टाकून बसले. मैदान शांत झालं. दोनशे जोड्या रांगेत उभ्या, पाहुणे कोचावर बसून घड्याळं बघत होते. सहा मिनिटं झाली असतील, बाबाराव लगबगीनं आला. "बाई, झालं का? पाहुने खोळंबून राह्यले."

"अजून चार मिनिटं आहेत," मी म्हणाले. "बैस."

पहिल्यांदाच तो माझ्यासमोर खुर्चीवर बसला. चार मिनिटं झाली. मग पाच झाली. आत चंदन अजून पीत होता. मी उठले नाही, आणि त्यालाही उठू दिलं नाही.